कर्णाच्या नावांचे कपाट : मोठ्यांची आणि मुलांची पुस्तके

तटाकडचा (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या पेठेतल्या छोट्या वाचनालयात दर दोन महिन्यांनी दर्शनी कपाटाचे दोन खण रिकामे करून त्यांत एकाच नावाने जोडलेली पुस्तके मांडण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. वरच्या खणात मोठ्यांची पुस्तके असतात आणि खालच्या खणात, म्हणजे मुलांचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, मुलांची. नाव सारखे असले म्हणजे झाले. मग कादंबरीशेजारी चित्रकथा आली काय किंवा नाटकाशेजारी निबंध आला काय, आमची हरकत नसते. या खेपेचे नाव कर्ण आहे. कपाट भरायला बसल्यावर जे लक्षात आले ते इथे मांडावे आणि सभासदांकडून भर मागावी, एवढाच या धाग्याचा हेतू.

पहिली गोष्ट अशी, की कर्णावरच्या गाजलेल्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेकांच्या मुखपृष्ठावर 'कर्ण' हे नावच नाही. शिवाजी सावंतांनी त्याला 'मृत्युंजय' म्हटले, रणजित देसाईंनी 'राधेय' म्हटले, आणि वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकाचे नाव 'कौंतेय'. माणूस एकच आहे, परंतु त्याच्या ढीगभर नावांतून लेखकाने कोणते उचलले यावरून पुस्तक उघडण्यापूर्वीच लेखकाचा कल कळतो, असे मला वाटू लागले आहे. राधेय म्हणणारा त्याला वाढवणाऱ्या आईच्या घरात बसून लिहितो, कौंतेय म्हणणारा त्याच्यावरचा जन्माचा हक्क विसरू देत नाही, आणि मृत्युंजय म्हणणारा या दोन्ही घरांच्या बाहेर उभा राहून त्याची योग्यता ठरवतो.

खुद्द महाभारतात पाहिले तर 'कर्ण' हे त्याचे पाळण्यातले नावही नव्हे. अधिरथाच्या घरी त्याचे नाव वसुषेण ठेवले गेले, कारण तो वसू म्हणजे धन, अर्थात कवचकुंडले, अंगावर घेऊनच आला होता. पुढे ते कवच त्याने स्वतः कापून इंद्राला दिले, आणि त्या कृत्यामुळे त्याला कर्ण आणि वैकर्तन म्हणू लागले, असे आदिपर्वात सांगितले आहे. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला ओळखतो, ते त्याने अंगावरचे धन देऊन टाकल्यावर मिळवलेले नाव आहे.

दुसरी गोष्ट आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची. 'मृत्युंजय'कार आजऱ्याचे, 'राधेय'कार चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, आणि मराठीत कर्णपर्व आर्यांत आणणारे मोरोपंत जन्माने पन्हाळ्याचे. ही जिल्ह्याची बढाई समजू नये, कारण या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही आणि मोरोपंतांचे बहुतेक लेखन पुढे बारामतीत झाले. तरीही एका नकाशात मावणाऱ्या तीन गावांतून हा एकच माणूस तीनदा उठून उभा राहिला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

अडचण खालच्या खणाची आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या वाचनालयात पाणी आले तेव्हा नेमके मुलांच्या उंचीचे सगळे खण बुडाले. वरची पुस्तके वाचली. खालची पोत्यांत भरून बाहेर काढावी लागली. 'मृत्युंजय'ची एक प्रत तेव्हा कोणीतरी खालच्या खणात कोंबून ठेवली होती, ती फुगून वितीएवढी झाली होती. आठ दिवस पंख्याखाली, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून आम्ही ती वाळवली. वृषालीच्या, म्हणजे कर्णाच्या पत्नीच्या, भागातली काही पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत आणि पुस्तक उघडले की गाळाचा वास येतो. मुलांसाठी कर्णाचे काय ठेवावे, हे कृपया सुचवावे.


घनसाळ

धागा आवडला. मी मूळचा आजऱ्याचा असल्यामुळे पहिल्या पुस्तकावर बोलण्याचा अधिकार स्वतःकडे घेतो.

'मृत्युंजय' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सावंतांचा जन्म १९४० चा, म्हणजे तेव्हा ते सत्ताविशीत होते आणि कोल्हापुरात शिक्षकी करत होते. मला त्या कादंबरीच्या अलंकारांपेक्षा तिची बांधणी अधिक महत्त्वाची वाटते. तिचे नऊ भाग आहेत आणि प्रत्येक भागात एक व्यक्ती स्वतःच्या तोंडाने बोलते. चार भाग कर्णाचे आहेत, आणि उरलेल्या पाचांत कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण असे एकेक जण आपापला कर्ण सांगतात. शोण हा त्याचा धाकटा भाऊ, सारथ्याच्या घरातला, आणि मला तोच भाग सर्वांत जवळचा वाटतो, कारण मोठ्या भावाकडे खालून वर पाहण्याची नजर तिथे आहे आणि ती नजर आपल्यापैकी पुष्कळांना घरबसल्या मिळालेली असते.

धागाकर्त्यांच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. मृत्युंजय हे महाभारतातून आयते मिळालेले नाव नव्हे. राधेय, कौंतेय, वसुषेण, वैकर्तन ही व्यासांच्या ग्रंथातली नावे आहेत. मृत्युंजय ही लेखकाने दिलेली पदवी आहे. त्यामुळे तिथे निवड झालेली नसून निवाडा झालेला आहे. सतराव्या वर्षी मी हे पुस्तक वाचले तेव्हा तो निवाडा मला बिनशर्त मान्य होता, पन्नाशीत पुन्हा वाचताना मात्र जाणवले की ज्याला आपली बाजू मांडायला नऊपैकी चार भाग मिळतात, त्याचे वकीलपत्र वाचक नकळत घेऊन टाकतो. हा दोष आहे असे मी म्हणत नाही. इतक्या जाड पुस्तकाचा वाचक शेवटपर्यंत टिकतो तो याच बांधणीमुळे.


बिंदू_चौक

भालजी पेंढारकरांचा १९४४ चा 'महारथी कर्ण' हा पृथ्वीराज कपूर यांची भूमिका असलेला चित्रपटही याच यादीत यायला हवा. कोल्हापूर आणि कर्ण म्हटले की आमच्या वडिलांना आधी तोच आठवायचा.


तटाकडचा (धागाकर्ता)

बिंदू_चौक, आठवण चांगली आहे, पण आमच्या कपाटात चित्रपट मावत नाही. पुस्तकांपुरतेच राहू या.


ताम्रपर्णीकाठ

मी कोवाडची सून. आमच्याकडे देसाईंचे नाव निघाले की 'स्वामी'बद्दल बोलतात आणि 'श्रीमान योगी'बद्दल बोलतात, 'राधेय'बद्दल मात्र लोक आवाज जरा खाली आणून बोलतात. 'मृत्युंजय'च्या मानाने ते लहान पुस्तक आहे, आणि त्याच्या शीर्षकाविषयी मला जे वाटते ते सविस्तर लिहिते.

राधेय आणि कौंतेय ही दोन्ही नावे आईवरून पडलेली आहेत. बापावरून पडलेले नाव या माणसाला पुरेसे चिकटलेच नाही. अधिरथाचा मुलगा म्हणून त्याला आधिरथी म्हटले जाते, सूतपुत्र म्हणून हिणवले जाते, आणि सूर्याचा मुलगा असूनही ते बिरुद त्याला जिवंतपणी उघड मिरवता येत नाही. मग उरल्या दोन आया. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन एकांतात त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि पांडवांतला थोरला म्हणून राज्याचा वारस हो, असे सुचवतो. त्या वेळी कर्णाने दिलेले उत्तर मला सगळ्या महाभारतात सर्वांत खरे वाटते. तो धर्माची मोठी वाक्ये बोलत बसत नाही. तो म्हणतो, की मला पाहताच राधेला मायेने पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे जातकर्म केले, माझे नाव वसुषेण ठेवले, वयात आल्यावर माझी लग्ने लावून दिली; आता मुलेनातवंडे झालेल्या माणसाने ही नाती पृथ्वीच्या राज्यासाठीसुद्धा कशी तोडायची? हे उत्तर ज्याने एकदा वाचले, त्याला 'राधेय' याहून दुसरे शीर्षक सुचणार नाही.

आणि कुंती? युद्ध संपल्यावर मृतांना पाणी देण्याची वेळ आली तेव्हा तिने मुलांना सांगितले, की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. कौंतेय हे नाव त्याला उघडपणे मिळाले ते तिलांजलीच्या वेळी. माझ्या सासूबाई हा प्रसंग सांगताना एवढेच म्हणत, "वेळेवर हाक मारली असती तर?" बाकी काही म्हणत नसत.

तेव्हा धागाकर्ते, कपाटात 'कौंतेय' आणि 'राधेय' शेजारी ठेवू नयेत, अशी माझी सूचना आहे. मध्ये एखादे दुसरे पुस्तक असू द्यावे.


शंकेखोर

धाग्यात कर्णाची आरती सुरू होण्यापूर्वी थोडे मीठ टाकतो, राग नसावा.

वरच्या खणात इरावती कर्वे यांचे 'युगान्त' नसेल तर त्या खणाला अर्थ नाही. त्यातील कर्णावरच्या लेखाचे शीर्षकच 'मी कोण?' असे आहे. म्हणजे इतर लेखक त्याला एकेक नाव देत असताना इरावतीबाईंनी त्याच्या तोंडी प्रश्न दिला, आणि हा प्रश्न त्याला कुठे कुठे घेऊन गेला ते निष्ठुरपणे पाहिले. दाजी पणशीकरांचे 'कर्ण खरा कोण होता?' हेही शीर्षकातच प्रश्न विचारणारे पुस्तक आहे आणि कर्णाच्या गौरवाला त्याचा सरळ विरोध आहे. ज्यांना तो पटणार नाही त्यांनी तर ते अवश्य वाचावे.

द्यूतसभेत काय झाले ते विसरून चालणार नाही. द्रौपदीला दासी ठरवणे अन्याय्य आहे, असे भर सभेत बोलणारा कौरवांतला एक जण होता, आणि त्याचे नाव विकर्ण. त्याला मध्येच तोडून, लहान तोंडी मोठा घास घेतोस म्हणून झापणारा होता कर्ण, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे उतरवून घे असे दुःशासनाला सांगणाराही तोच. नावांचाच खेळ मांडला आहे म्हणून म्हणतो : त्या दिवशी सभेतला दानशूर विकर्ण होता.

आणखी एक बाब. स्वयंवरात द्रौपदीने "सूतपुत्राला वरणार नाही" असे म्हणून कर्णाचा अपमान केला, आणि त्याचा सूड त्याने सभेत उगवला, असे समीकरण आपल्याकडे घट्ट बसले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हस्तलिखितांची तुलना करून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली, तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचे ते वाक्य नाही. ते काही हस्तलिखितांत आढळते आणि नंतरची भर म्हणून बाजूला ठेवले गेले आहे. तो प्रसंग वजा केला तर सभेतल्या कर्णाला सबब उरत नाही. कादंबरीकारांनी तो घेऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना कथा सांगायची असते; पण वाचकाने दोन्ही माहीत करून घ्यावे.

जाता जाता : चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, आणि 'मृत्युंजय' व 'युगान्त' दोन्ही १९६७ ची. त्याच वर्षी अनंत पै यांनी अमर चित्र कथेची सुरुवात केली, तिच्यात पुढे कर्णावरचा अंक आला. विद्वान, कादंबरीकार, समाजशास्त्रज्ञ आणि मुलांचा संपादक अशा चौघांची कामे एका वर्षाच्या अंतरात पुढे आली, हे तुमच्या दोन खणांच्या कल्पनेला शोभणारे आहे.


घनसाळ

शंकेखोर यांचा मुद्दा मान्य आहे, तरी "सबब उरत नाही" हे वाक्य वकिली थाटाचे झाले. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकले त्या दिवशी कुळ विचारून गप्प केले गेलेला माणूस आयुष्यभर कोणत्या क्षणी काय करील, याला एकच प्रसंग कारण लागत नाही. समर्थन मात्र मीही करणार नाही.


दप्तरवाल्या_बाई

मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यामुळे खालच्या खणाबद्दल बोलते.

मुलांना कर्ण सांगताना मोठ्यांची पंचाईत दोन ठिकाणी होते. एक जन्म आणि दुसरी सभा. बहुतेक बालपुस्तके पहिल्या ठिकाणी मंत्र, सूर्य आणि पेटी एवढ्यात भागवतात आणि दुसऱ्या ठिकाणी कर्णाला सभेत आणतच नाहीत. मग मुलाला वाटते की हा बिचारा सदा दान देत होता आणि सगळे त्याच्या वाईटावर होते. कापून सपाट केलेला असा कर्ण मुलांना द्यावा, असे मला वाटत नाही. चौथीतल्या मुलाला एवढे नक्की कळते, की चांगला माणूससुद्धा मित्राला खूश करण्यासाठी कोणाला तरी वाईट बोलतो आणि त्याची लाज नंतर वाटते. वर्गात हे रोज घडत असते.

दोन गोष्टी मी करत असे, त्या लिहिते. पहिली पेटीच्या प्रवासाची. वनपर्वात हा प्रवास नद्यांच्या नावांसकट दिला आहे : कुंतीने अश्वनदीत सोडलेली पेटी चर्मण्वतीत गेली, चर्मण्वतीतून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि गंगेतून अंगदेशातल्या चंपेला. चर्मण्वती म्हणजे चंबळ आणि चंपा आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळ. भिंतीवरच्या नकाशावर मुले बोटाने ही वाट काढत. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आपल्या पंचगंगेत पेटी सोडली तर ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाईल, मग तिथं कोणी घेईल का?" त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही.

दुसरी गोष्ट हंस आणि कावळ्याची. समुद्रकाठच्या एका श्रीमंत वैश्याच्या मुलांचे उष्टे खाऊन माजलेला कावळा हंसांना आव्हान देतो, की मला उडण्याचे एकशे एक प्रकार येतात. हंस म्हणतो, आम्हाला एकच येतो. मग समुद्रावरून उडताना कावळा थकतो, चोच आणि पंख पाण्यात बुडू लागतात, आणि हंस विचारतो, "एकशे एकांपैकी हा कोणता प्रकार?" पुढे तोच त्याला पाठीवर घेऊन काठावर आणतो. मुले या प्रश्नावर हमखास खदखदून हसतात. ही गोष्ट कर्णपर्वातली आहे आणि कर्णाचा सारथी शल्य ती कर्णालाच टोमणा म्हणून ऐकवतो, हे मी त्यांना हसून झाल्यावर सांगत असे. मग वर्ग गप्प होई. आपल्याच रथावर बसलेला माणूस लढाईच्या दिवशी असे बोलला तर कसे वाटेल, हे वेगळे समजवावे लागत नसे.

अमर चित्र कथेतला कर्णाचा अंक खणात असावाच, कारण वाचता न येणारे मूलही तो घेऊन बसते. त्याशिवाय एक कोरी वही ठेवावी. आमच्या स्नेहसंमेलनात कर्ण झालेल्या मुलाचे पुठ्ठ्याचे, सोनेरी बेगड लावलेले कवच इंद्राला देताना टाचणीत अडकले आणि कर्ण कळवळून ओरडला. नंतर त्याने निबंधात लिहिले, "कवच काढताना खरोखर दुखते." असे लिहिणारी मुले अजून असतील.

आणि हो, मुलांचा ठरलेला प्रश्न धागाकर्त्यांसाठी : "बाई, हजेरीत त्याचे नाव काय असेल?"


निपाणीकर

आमच्याकडे दोन भाषा एकाच घरात नांदतात, म्हणून थोडी कन्नड भर घालतो. पंप या कवीने दहाव्या शतकात लिहिलेल्या 'विक्रमार्जुन विजय' या काव्याचा नायक नावाप्रमाणे अर्जुन आहे, तरी त्याच कवीने असे म्हटले आहे, की महाभारतातल्या कोणाची आठवण काढायची असेल तर एकचित्ताने कर्णाची काढा. नायकाचे नाव मुखपृष्ठावर आणि मनातले नाव आत, असा हा प्रकार आहे. एस. एल. भैरप्पा यांचे 'पर्व' उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादात मिळते. त्यात शाप, वर, कवच यांतली दैवी झिलई काढून टाकलेली माणसे भेटतात, तेव्हा ते वरच्या खणात ठेवायला हरकत नसावी. हिंदी वाचणाऱ्यांसाठी रामधारी सिंह दिनकरांचे १९५२ चे काव्य 'रश्मिरथी' हवेच. तेही पुन्हा कवीने दिलेले बिरुद : किरणांच्या रथात बसणारा.


काटकोन

मी गणित शिकवतो. सातवी-आठवीतल्या कोणत्याही मुलाला 'कर्ण' म्हटले की आधी काटकोन त्रिकोणातली सर्वांत लांब बाजू आठवते, मग महाभारत. नाव सारखे असले म्हणजे झाले, असा आपलाच नियम असेल, तर भास्कराचार्यांची ११५० मधली 'लीलावती' खालच्या खणात का नसावी? तिच्यात भुज, कोटी आणि कर्ण हेच शब्द आहेत. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला, असे तिच्यातले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. उत्तर बारा हात, आणि मोडून तिरका झालेला वीस हातांचा तुकडा म्हणजे कर्ण. फुटपट्टी आणि काडी दिली की मुले ते करून पाहतात. शिवाय त्या ग्रंथाचे नावही एका मुलीचेच आहे.


शंकेखोर

काटकोन सर, आता कोणी गणेशोत्सवातला कर्णाही कपाटात आणून ठेवील.


काटकोन

तो पुस्तक नाही, नाहीतर मी नक्की सुचवला असता.


पन्हाळ्याचा_पायथा

मोरोपंतांचा उल्लेख धाग्याच्या आरंभी झाला आणि मग सगळे त्यांना विसरले, म्हणून लिहितो. पंतांचा जन्म १७२९ चा, आणि गडावरच केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंकडे त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या आर्या आता कोणी वाचत नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण त्या समजायला कठीण आहेत. तरी कर्णपर्वातली एक ओळ अशी आहे, की ज्यांनी मोरोपंतांचे पान उघडलेले नाही त्यांच्याही तोंडी ती असते :

"तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?"

आमच्या भावकीत वाटणीचे भांडण निघाले, की कोणी ना कोणी ही ओळ फेकतोच. परंतु या धाग्यामुळे मी तिच्यातल्या एका शब्दावर अडलो. चाक रुतलेले आहे, कर्ण खाली उतरून अर्जुनाला धर्माची आठवण देतो आहे, आणि कृष्ण त्याला हे उत्तर देतो. जन्मरहस्य कृष्णाला पूर्ण माहीत आहे. तोच ते सांगायला पूर्वी गेला होता. तरी या क्षणी तो "कुंतीसुता" म्हणत नाही, "राधासुता" म्हणतो. पंतांनी हे वृत्तासाठी केले असेल का, म्हणून मूळ पाहिले, तर संस्कृत कर्णपर्वातही कृष्ण त्याला "राधेय" म्हणूनच सुनावतो.

आता याचे कारण काय असेल? साधे कारण असे, की अर्जुन शेजारी ऐकतो आहे. "कौंतेय" म्हटले असते तर त्याच्या हातातला बाण थांबला असता. परंतु दुसरेही एक कारण मला दिसते. कर्णाने स्वतः कृष्णाला निक्षून सांगितले होते, की मी राधेचा आहे आणि राधेचाच राहणार. माझे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कृष्णाने मारताना शिवी म्हणून ते नाव वापरले असेल, किंवा दिलेला शब्द पाळला असेल. कोणते, ते व्यासांनी सांगितलेले नाही, आणि पंतांनीही नाही.


ताम्रपर्णीकाठ

हे वाचून दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. ही ओळ लहानपणापासून ऐकत आले आणि त्यातले "राधासुता" कधी ऐकूच आले नाही, फक्त "कोठे गेला होता" एवढेच ऐकू आले. माझी पूर्वीची सूचना थोडी बदलते. 'राधेय' आणि 'कौंतेय' यांच्यामध्ये दुसरे काही ठेवणार असाल, तर मोरोपंतांचे कर्णपर्व ठेवा.


शंकेखोर

दिलेला शब्द पाळला, हे जरा जास्तच गोड होते आहे. पण हरलो असे समजा.


तटाकडचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मांडणी पूर्ण केली, ती अशी. वर डावीकडून 'राधेय', मग पन्हाळ्याचा_पायथा यांनी आणून दिलेले कर्णपर्व, मग 'कौंतेय', त्यानंतर 'मृत्युंजय', 'युगान्त', पणशीकर, 'पर्व' आणि 'रश्मिरथी'. पंतांच्या प्रतीचा पुठ्ठा सुटला आहे, म्हणून ती दोऱ्याने बांधून ठेवली आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी वाचनालयात बसूनच वाचावी. पुरातली 'मृत्युंजय'ची प्रतही घरी देणार नाही, वाचायला दुसरी चांगली प्रत आहे.

खाली चित्रकथेचे तीन अंक, नद्यांचा नकाशा, 'लीलावती'तल्या निवडक उदाहरणांची मी हाताने उतरवलेली वही, वेळूच्या काड्या आणि बाईंनी सांगितलेली कोरी वही आहे. हंस-कावळ्याची गोष्ट स्वतंत्र पुस्तकात मिळाली नाही, म्हणून बाईंनीच ती रविवारी चार वाजता येऊन सांगावी, अशी विनंती त्यांना केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. या वेळी खालचा खण मूळ जागेपेक्षा एक वीत वर घेतला आहे. त्यामुळे सर्वांत लहान मुलांसाठी एक पाट ठेवावा लागला.

कपाटावरच्या पाटीचे काम शेजारच्या पाचवीतल्या मुलीकडे दिले होते. हजेरीचा प्रश्न तिच्या कानावर घातला होता. तिने मोठ्या अक्षरांत "वसुषेण अधिरथ" असे लिहिले, आणि त्याखाली कंसात लहान अक्षरांत "घरी : कर्ण". आईचे नाव घालायला पाटीवर जागा उरली नाही, म्हणून ती दुसरा पुठ्ठा मागायला आज पुन्हा येणार आहे.